स्टॉप-लॉस लावला, पण लोभाचं काय?



मंदिरातून बाहेर पडताना, पायऱ्यांवर चपला शोधता शोधता ज्या गप्पा होतात, त्यांत हल्ली शेअर बाजार हमखास निघतो. इतवारी, गांधीबाग, लकडगंज या भागांशी ज्यांचं नातं आहे त्यांना भाव, तेजी, मंदी हे शब्द नवे नाहीत. पण पूर्वी भाव दुकानात राहायचा. आता तो मोबाइलमधून जेवणाच्या ताटापर्यंत आला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये देशातली डिमॅट खाती १० कोटींच्या वर गेली. त्यांत आपल्या घरांतलीही आहेत: मुलांची, जावयांची आणि आपली स्वतःचीही.

नव्या पिढीच्या तोंडी एक वाक्य नेहमी असतं, "बाजारात भावना ठेवायची नाही, सिस्टीमने चालायचं." हे वाक्य मला पटतं. जैन घरातल्या बाईला ते पटायलाच हवं, कारण आपलं घर नियमावरच चालतं. पण माझ्या मते हे वाक्य अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं कोणी सांगत नाही. आज त्याविषयी लिहिते.

सिस्टीम म्हणजे काय

ज्या मैत्रिणींचा बाजाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समजा एक शेअर ५०० रुपयांना घेतला. घेतानाच ठरवायचं की तो ४७५ वर आला तर विकून मोकळं व्हायचं. याला स्टॉप-लॉस म्हणतात. किती शेअर घ्यायचे तेही आधीच ठरवायचं. भांडवल १ लाख असेल आणि एका व्यवहारात त्याच्या १ टक्क्याहून, म्हणजे १,००० रुपयांहून जास्त गमवायचे नाहीत असं ठरलं असेल, तर शेअरमागे २५ रुपयांचा धोका धरून ४० शेअर घेता येतात. त्याहून एकही जास्त नाही. (बाजार एकदम खाली उघडला तर ४७५ मिळतीलच असं नाही, पण ढोबळ हिशेब हा.) कधी घ्यायचं, किती घ्यायचं, कधी विकायचं, ही तिन्ही उत्तरं आधी कागदावर आणि बाजार चालू असताना त्यांत बदल नाही. काही लोक हेच नियम संगणकाला देऊन टाकतात, त्याला अल्गो म्हणतात.

आपल्याला हे ओळखीचं वाटेल. सूर्यास्तानंतर जेवायचं नाही असा नियम घेतलेली बाई रोज संध्याकाळी "आज जेवू की नको" असा विचार करत बसत नाही. भूक लागते, कोपऱ्यावर पाणीपुरीची गाडीही उभी असते, पण निर्णय भुकेच्या हातात नसतो. पच्चक्खाण म्हणा, प्रत्याख्यान म्हणा, त्याचं बळ यातच आहे. भावना यायची ती येते, पण ती येण्याआधीच प्रश्न सुटलेला असतो.

मन बाजारात काय करतं

नियम लागतो, कारण पैशासमोर मन सरळ चालत नाही. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की तेवढ्याच रकमेच्या नफ्याचा जेवढा आनंद होतो, त्यापेक्षा तोट्याचं दुःख जास्त होतं. पुढे १९८५ मध्ये शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोघांनी त्याचा परिणाम मांडला. माणूस वर गेलेला शेअर घाईने विकतो आणि पडलेला सांभाळत बसतो, "घेतलेल्या भावाला आला की काढू" म्हणत. आपली भाजीवाली असं करत नाही. ती संध्याकाळी कोमेजायला लागलेली मेथी आधी भाव पाडून काढते.

जून २०२४ मधले पाच दिवस आठवा. ३ तारखेला एक्झिट पोलच्या उत्साहात निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त चढला. ४ तारखेला लोकसभेचे निकाल वेगळे दिसू लागताच तो जवळजवळ ६ टक्के कोसळला. ७ तारखेला, शुक्रवारी, तो पुन्हा ३ तारखेच्या वर बंद झाला. ज्यांनी सोमवारी भरात घेतलं आणि मंगळवारी घाबरून विकलं, त्यांचा पैसा खरोखर गेला. ज्यांनी काहीच केलं नाही, ते शुक्रवारी जवळपास होते तिथेच होते.

अजून एक अभ्यास खास आपल्यासाठी. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडच्या ३५,००० हून जास्त कुटुंबांची १९९१ ते १९९७ या काळातली खाती तपासली आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. पुरुषांनी बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त खरेदी-विक्री केली होती. या उलाढालीने पुरुषांचा परतावा वर्षाला २.६५ टक्क्यांनी घटला आणि बायकांचा १.७२ टक्क्यांनी. नुकसान दोघांचंही झालं, पण जास्त हालचाल करणाऱ्याचं जास्त झालं. "तुला काय कळतं बाजारातलं" असं घरात ऐकावं लागणाऱ्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं.

यंत्र जिंकतं, मग यंत्रच व्हायचं का

आता आपल्या देशातले आकडे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एफ अँड ओ म्हणजे वायदे आणि ऑप्शन्स यांच्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. २ लाख म्हणजे कुणाच्या घरी मुलीची फी, कुणाच्या घरी आईचं ऑपरेशन.

मग जिंकलं कोण? त्याच अभ्यासात आहे. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या ब्रोकर कंपन्यांना सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांना सुमारे २८,००० कोटींचा ढोबळ नफा झाला. त्या नफ्यातला ९६-९७ टक्के भाग अल्गोतून आला होता. म्हणजे समोर बसलेला थकत नाही, घाबरत नाही, आणि काल हरला म्हणून आज चिडून दुप्पट लावत नाही. आपला मुलगा मात्र ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर, अंगठ्याने त्याच्याशी खेळतो आहे.

हे आकडे दाखवले की मुलं म्हणतात, "म्हणूनच तर आम्ही सिस्टीम लावतो." माझा एक भाचा मिहानमधल्या एका कंपनीत आहे आणि फावल्या वेळात ऑप्शन्स करतो. तो म्हणाला, "मावशी, माझी पूर्ण सिस्टीम आहे. भावना मधात येतच नाही."

मी विचारलं, "बरं. मागच्या महिन्यात किती वेळा मोडली?"

तो हसला. मग म्हणाला, "चारदा. पण त्यात दोनदा फायदा झाला ना!"

मला त्या दोन वेळांचीच काळजी वाटली. नियम मोडून तोटा झाला तर माणूस एखाद वेळी सावध होतो. नियम मोडून फायदा झाला की नियमाची किंमतच उरत नाही.

शिकागोच्या रिचर्ड डेनिस नावाच्या प्रसिद्ध ट्रेडरने १९८३-८४ च्या सुमारास पैज लावून काही नवख्या लोकांना लेखी नियम शिकवले आणि स्वतःचा पैसा देऊन ट्रेडिंग करायला लावलं. 'टर्टल्स' म्हणून हा गट ओळखला जातो. नियम सगळ्यांना तेच होते, निकाल मात्र वेगवेगळे लागले. काहींनी खूप कमावलं, काही मध्येच गळले. खुद्द डेनिस यांना १९८७-८८ मध्ये मोठा फटका बसला आणि त्यांनी दुसऱ्यांचा पैसा सांभाळणं थांबवलं. नियम सांगता येतो, तो पाळण्याची सवय वेगळी लावावी लागते.

आणि यंत्राला दिलेला नियमही आंधळा असू शकतो. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन कंपनीच्या संगणकाने सॉफ्टवेअरमधल्या गोंधळामुळे नको ते सौदे सपाट्याने सुरू केले. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर गेले. आपलं एक सामायिक ४८ मिनिटांचं असतं. तेवढ्याही वेळात नाही, त्याच्या आत. त्या यंत्राला राग, लोभ, भीती काहीच नव्हतं. त्याला थांबण्याची मर्यादाही घालून दिलेली नव्हती.

श्रावकाचारातली यादी

उरलेलं अर्धं वाक्य इथे सापडतं. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह-परिमाण व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. हे व्रत गृहस्थासाठी आहे, आणि व्यापार करणारा गृहस्थ समोर ठेवूनच ही यादी केली असावी असं मला ती वाचताना दर वेळी वाटतं.

अतिवाहन म्हणजे लोभापोटी जनावराला त्याच्या ताकदीबाहेर चालवणं. अतिभारवहन म्हणजे त्याच्यावर झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं. आज बैलाच्या जागी भांडवल ठेवा. १ लाखावर ५ लाखांचा सौदा उचलणं हे अतिभारवहनच आहे. अतिसंग्रह म्हणजे पुढे भाव येईल या आशेने साठवत राहणं. विस्मय म्हणजे दुसऱ्याला झालेला लाभ पाहून जीव कासावीस होणं. शेजारच्याने एका दिवसात ४०,००० कमावले हे ऐकून रात्री झोप न लागणं, ते हेच. आणि लोभ म्हणजे चांगला भाव मिळत असतानाही अजून थोडा मिळावा म्हणून हात न सोडणं.

आजच्या ट्रेडिंगच्या पुस्तकांत हेच सगळं इंग्रजी नावांनी असतं. एक फरक मात्र आहे. पुस्तकातली सिस्टीम तोट्याला मर्यादा घालते, नफ्याला नाही. तिचा हेतूच भांडवल वाढत राहावं हा आहे. परिग्रह-परिमाण वरून मर्यादा घालतं: एवढं पुरे. म्हणूनच तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून करून दिलेली नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे मनाच्या गुंतण्यावरून करून दिली आहे. स्टॉप-लॉस तोटा थांबवतो. मूर्च्छा थांबवायला वेगळा नियम लागतो.

विदर्भाचा कापूस आणि राजाबाईंची घंटा

नियम आणि मर्यादा यांचं नातं दाखवणारी एक जुनी गोष्ट आहे, आणि तिचा धागा आपल्या विदर्भापर्यंत येतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव आकाशाला भिडले. हिंगणघाटचा कापूस तेव्हाही नावाजलेला. या तेजीतला पैसा मुंबईत जमला आणि नव्या बँकांच्या, समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये शिरला. पुढच्या तारखेचे सौदे बेसुमार झाले. या बाजारातलं सर्वांत मोठं नाव होतं सुरतेत जन्मलेले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद.

१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं आणि कापूस पडला. १ जुलै १८६५ हा सौदे चुकते करण्याचा दिवस आला, तेव्हा पैसे कोणाकडेच नव्हते. असंख्य घरं बुडाली. जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. प्रेमचंदांची बहुतेक संपत्तीही गेली.

पण तेजी चालू असताना, १८६४ मध्येच, त्यांनी मुंबई विद्यापीठाला मोठी देणगी देऊन ठेवली होती. तिच्यातून १८७८ मध्ये त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर पूर्ण झाला. असं सांगतात की आईंना दिसत नव्हतं, आणि दिवस मावळण्याआधी जेवण्याचा त्यांचा नियम होता. घड्याळाच्या ठोक्यांनी त्यांना वेळ कळावी अशीही मुलाची इच्छा होती. दंतकथा असेल, पण आपल्या घरातली कुठलीही म्हातारी आठवली की ती खरी वाटते. त्या आईच्या नियमाला ठरलेली वेळ होती. बाजारातल्या त्या सौद्यांना 'आता पुरे' म्हणणारी घंटा नव्हती. आणि जे शेअर्समध्ये होतं ते गेलं, जे देऊन टाकलं होतं ते आजही उभं आहे.

मग आपण काय करावं

एक शंका आधी. नफा व्हावा म्हणून व्रत घ्यायचं का? नाही. फळाची इच्छा धरून केलेलं व्रत हे निदान झालं, आणि निदान तर तीन शल्यांपैकी एक. माझं म्हणणं उलट बाजूने आहे. जो धर्म लहानपणापासून आपल्याला आधी ठरवायला, मर्यादा घालायला आणि चुकलं तर तपासायला शिकवतो, त्याची सवय बाजाराच्या दारात चपलेसारखी काढून ठेवू नका. त्यासाठी माझ्या मते घरात हे नियम असावेत.

पहिला, रकमेचा. घरखर्च, फी, विमा आणि निदान सहा महिन्यांची सोय बाजूला ठेवून उरेल त्यातला ठरलेला भागच बाजारात. कर्ज काढून नाही, सोनं गहाण ठेवून नाही, सासूबाईंच्या ठेवीला हात लावून तर नाहीच.

दुसरा, काय घ्यायचं नाही याचा. दारू, मांस, चामडं, जुगार यांवर चालणाऱ्या कंपन्या नकोत. भावना नसलेली सिस्टीम हा प्रश्न कधीच विचारत नाही, तो आपणच विचारायचा. आणि घरच्या पैशाने ऑप्शन्स नकोत. व्यापारी मालाच्या भावाचा धोका टाळायला वायदा करतो, ते वेगळं. पण १०० मध्ये ९३ हरतात तो खेळ गृहस्थासाठी जुगाराच्या फार जवळ आहे, आणि सात व्यसनांत पहिलं नाव जुगाराचं आहे.

तिसरा, साक्षीचा. आपण नियम घेतो तो देव-गुरूंच्या साक्षीने. बाजाराचे नियमही वहीत लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवावेत. गुपचूप केलेला नियम गुपचूप मोडतो. बायकोला पासवर्ड नसला तरी चालेल, वही दिसली पाहिजे.

चौथा, आलोचनेचा. दर चतुर्दशीला वही उघडून नफा-तोटा न बघता फक्त एवढंच मोजायचं: या पंधरा दिवसांत नियम किती वेळा मोडला? मोडून फायदा झाला असेल तरी तो मोडलेल्यातच धरायचा.

पाचवा, वरच्या मर्यादेचा. ठरलेल्या रकमेच्या वर गेलं की वरचं काढून घ्यायचं. त्यातला काही भाग दानाचा, हेही आधीच ठरलेलं. हा नियम कुठल्याही ट्रेडिंग क्लासमध्ये शिकवत नाहीत, आणि माझ्या मते भावना खरोखर उतरवणारा हाच एक आहे.

हे सगळं जमणार नसेल, आणि आपल्यापैकी बहुतेकींना त्याची गरजही नाही, तर सर्वांत साधी सिस्टीम म्हणजे एसआयपी. ठरलेली तारीख, ठरलेली रक्कम. एप्रिल २०२४ मध्ये देशभरातून एका महिन्यात एसआयपीने २०,००० कोटींहून जास्त रक्कम आली. त्यातही चढउतार आहेतच. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळला, तेव्हा घाबरून हप्ते थांबवावेसे कुणालाही वाटलं असतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो जानेवारीच्या शिखराच्याही वर होता. प्रत्येक वेळी इतक्या लवकर भरून येईलच असं नाही, म्हणून लवकर लागणारा पैसा तिथेही ठेवू नये.

शेवटी एक साधी परीक्षा. बाजार चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवून एक सामायिक करून बघा. ४८ मिनिटं मन भावाकडे धावतच राहिलं, तर बाजारात लावलेली रक्कम तुमच्या झेपेपेक्षा मोठी आहे. ती कमी करा, आणि मन जागेवर बसेपर्यंत कमी करत राहा. तुमच्या घरी बाजाराचे काही नियम ठरले असतील तर जरूर कळवा. विशेषतः वरची मर्यादा कोणी घातली असेल तर तिच्याविषयी ऐकायला मला आवडेल.

जय जिनेंद्र.